आधी तुम्ही खा

परसातल्या धुण्याच्या दगडापलीकडे, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, आषाढ सरता सरता एक रोप उगवलं. मी लावलं नव्हतं. हिने लावलं नव्हतं. आई म्हणाली, “मी लावलं असतं तर सांगितलं नसतं का?” हे मात्र खरं. आईने 1984 साली लावलेल्या कढीपत्त्याबद्दल ती अजून सांगते.

आपोआप उगवलेल्या झाडाचं लग्नातल्या अनोळखी पाहुण्यासारखं असतं. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा, आणि दोन्हीकडचे त्याला आग्रहाने जिलबी वाढतात. मला वाटलं हिने कुठूनतरी आणून लावलंय, हिला वाटलं मी. दोघंही आपापल्या वेळेला पाणी घालत राहिलो. दुप्पट पाण्यावर ते गुडघ्याच्या वर गेलं. शेजारी आणखी तीन आली. चारही एका ओळीत, दोरी धरून लावल्यासारखी. आमच्या घरात इतकी शिस्त यापूर्वी कुणी दाखवलेली नाही, त्यामुळे तेव्हाच संशय यायला हवा होता.

गौरी-गणपतीच्या गडबडीत तिकडे बघायला फुरसत नव्हती. गणपती गेले, पितृपक्ष लागला आणि एका सकाळी बनियन काढायला गेलो तर झाडाला फळं. पाच-सहाचा एकेक घोस, एकाच देठाच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारखा फुटलेला. काही हिरवी, काही बुटाला पॉलिश केल्यासारखी काळी कुळकुळीत. आकाराने भिजलेल्या साबुदाण्याहून मोठी, वाटाण्याहून लहान. वरच्या फांदीवर फुलंही होती: इवलीशी पांढरी चांदणी, पाकळ्या मागे वळलेल्या आणि मध्ये पिवळी चोच.

मी ओरडलो, “अगं, बेऱ्या आल्यात!”

ओरडलो खरा, पण लगेच लाजलो. बेरीला मराठीत शब्द काय? परिभाषेत ‘मृदुफळ’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. शास्त्राच्या हिशेबात टोमॅटो मृदुफळ, द्राक्ष मृदुफळ, केळं मृदुफळ, मिरचीसुद्धा मृदुफळ. वांगंही त्यातच, म्हणजे साताऱ्याची भरली वांगी ही खरं तर भरली मृदुफळं. आणि जिच्या नावातच बेरी आहे, जिच्या जिवावर शेजारचं महाबळेश्वर चाललंय, ती स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही. आपण खातो तो तिचा लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला बुडखा, आणि खरी फळं म्हणजे वर टोचलेले ते बारीक दाणे. महाबळेश्वरला जाऊन हे कुणाला सांगू नये. मी सांगितलं. क्रीम कमी मिळालं.

असो. प्रश्न होता, ही आमची मृदुफळं कोण?

आता हा प्रश्न दुसऱ्या गावात पडला असता तर चार लोक ‘माहीत नाही बुवा’ म्हणाले असते. पण हे सातारा. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि त्या दिवसापासून सातारकर कुठल्याही झाडाबद्दल ‘माहीत नाही’ म्हणेनासा झाला. त्याआधी आमचा फुलांशी संबंध हार आणि गजरा एवढाच होता. आता पंचवीस किलोमीटर घाट चढून गाडी लावायला जागा मिळाली की माणसाच्या अंगात वनस्पतिशास्त्र येतं, आणि खाली उतरलं तरी ते उतरत नाही.

शेजारचे अण्णा कासला चार वेळा गेलेत, चारही वेळा रविवारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस; त्यांनी झाडाकडे कालव्याची पाहणी करावी तसं पाहिलं. कंबरेवर हात, आधी उगमाकडून, मग शेपटाकडून.

“सर्पगंधा,” अण्णा म्हणाले.

“नक्की?”

“शंभर टक्के. बीपीवरचं औषध हिच्या मुळापासून काढतात. फळं अशीच काळी, चकचकीत.”

अण्णांचं तसं काही चूक नव्हतं. सर्पगंधेचं फळ पिकलं की काळंच पडतं, आणि तिच्या मुळातल्या द्रव्यापासून रक्तदाबाचं औषध निघालं हेही खरं. फक्त अण्णांना स्वतःला बीपी आहे. ज्याला जे दुखतं त्याला ते झाड दिसतं, हा नियम मला पुढच्या आठवड्यात फार उपयोगी पडला.

इंजिनिअरला यातलं काय कळतं, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं. अण्णांनी लगेच कुकसाहेब काढला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात छापून झाला, तो लिहिणारा थिओडोर कुक मुळात स्थापत्य अभियंता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्राचार्य. “म्हणजे पूल बांधणाऱ्यानेच तुम्हाला झाडं ओळखून दिली,” अण्णा म्हणाले. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी एक काळं फळ तोडून त्यांच्यापुढे धरलं.

“मग घ्या.”

अण्णा एक पाऊल मागे सरले. “नको. सकाळची गोळी झाली माझी. डबल डोस व्हायचा.”

त्याच क्षणी मला या विषयातलं मर्म कळलं. झाड ओळखणं आणि फळ खाणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नाही.

आईचं शास्त्र वेगळं. ती राजापूरकडची. तिच्या बोलण्यात करवंदं, तोरणं, अटकं, आळू, भोकरं, कागदी कंदिलातली चिरबोटी अशी सगळी मंडळी नुसत्या आडनावाने हाक मारल्यासारखी येतात. तिने चष्मा लावून घोस हातात घेतला, उलटा केला, वास घेतला.

“कामोणी आहे ही,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “असावी.”

“तुम्ही लहानपणी कसं ओळखायचात, कुठलं खायचं नि कुठलं नाही ते?”

“ओळखायचं काय त्यात? गुंजेला हात लावायचा नाही, एवढंच सांगितलेलं होतं. बाकी आधी बाळूला द्यायचो.”

बाळू म्हणजे आईचा धाकटा मामेभाऊ. रानात काही नवं दिसलं की ते बाळूला खायला द्यायचं, बाळूकडे बघत पन्नासपर्यंत आकडे मोजायचे, मग बाकीच्यांनी खायचं.

“आणि बाळूला कधी काही झालं नाही?”

“झालं की. डायबेटिस आहे आता त्याला. ठाण्यात असतो.”

गुंजेबद्दल मात्र आईचं घराणं योग्य होतं. ती लाल-काळी बी चावली गेली तर जीव जाऊ शकतो. आणि तीच सोनाराच्या काट्यात टाकली की आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आमच्या आजोळी एका डबीत अशा गुंजा होत्या. सोनं कधी नव्हतं, पण मोजायची तयारी पूर्ण होती.

मी कामोणीचं फळ आईपुढे केलं. आई म्हणाली, “माझी कवळी नाहीये आत्ता.” वाटाण्याहून लहान फळ, जिभेनेही चिरडलं असतं. पण मातोश्रींशी कोण वाद घालणार? शिवाय ‘असावी’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये बाळू उभा होता.

शनिवारी चिरंजीव पुण्याहून आले. फोनमध्ये झाडं ओळखणारं अ‍ॅप घेऊनच आले. पहिला फोटो उन्हात काढला. उत्तर आलं, ब्लूबेरी, एकसष्ट टक्के. हिचा चेहरा उजळला. मॉलमध्ये ती इवल्याशा प्लॅस्टिकच्या डबीत दोन-तीनशे रुपयांना मिळते हे हिला पाठ आहे. मनातल्या मनात चार झाडं, प्रत्येकी तीस घोस, असा हिशेब सुरू झालेला मला दिसला. दुसरा फोटो सावलीत काढला. उत्तर आलं, वांगं. तिसऱ्या फोटोत माप कळावं म्हणून मी घोसाशेजारी अंगठा धरला. अ‍ॅपने जरा विचार केला आणि म्हणालं, बेलाडोना, अत्यंत विषारी. अंगठ्याबद्दल की फळाबद्दल ते स्पष्ट नव्हतं. खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं: ही माहिती केवळ मार्गदर्शनासाठी आहे, खाण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्या. म्हणजे अ‍ॅपचीही सकाळची गोळी झालेली होती.

“बाबा, हात धुवा,” चिरंजीव म्हणाले. मी धुतले. दोनदा.

मग आईनेच तोडगा काढला. पितृपक्ष चालू होता, दुसऱ्या दिवशी आबांची तिथी होती. “पानाबरोबर ठेव दोन फळं. कावळा शिवला तर खायची, नाही शिवला तर उपटून टाक.” शतकानुशतकं चालत आलेली प्रयोगशाळा घराच्या गच्चीवर फुकट उपलब्ध असताना आम्ही फोनच्या मागे लागलो होतो. मी कठड्यावर पान ठेवलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, आळूची भाजी आणि कोपऱ्यात, मिठाच्या जागी, पाच काळी फळं.

कावळा वेळेवर आला. आबा हयातीत कधी इतके वेळेवर जेवायला आले नाहीत. त्याने वडा उचलला, खिरीत चोच बुडवली, दुसरा वडा उचलला, चटणी बाजूला सारली, फळांकडे मान वाकडी करून एका डोळ्याने पाहिलं आणि उडून गेला.

“विषारी आहेत,” ही म्हणाली.

“आबांना मुळात फळं आवडत नसत,” आई म्हणाली.

“समोर वडे असताना फळं कोण खातो?” कुंपणापलीकडून अण्णा म्हणाले. तीन निष्कर्ष, आणि तिन्हींना पुरावा एकच.

आम्ही असे कावळ्याचं मत घेत असताना, दोरीवर बसलेल्या बुलबुलाने कुणाला न विचारता निकाल लावला होता. लालबुड्या बुलबुल. तो खाली झेप घ्यायचा, एक काळं फळ टिपायचा, वर येऊन दोरीवर बसायचा, गिळायचा आणि दुसरीकडून मोकळा व्हायचा. हिच्या नव्या पांढऱ्या चादरीवर जांभळे ठिपके पडले तेव्हा त्या शिस्तीचं कोडं सुटलं. चार झाडं एका ओळीत दोरीखाली आली, कारण बुलबुलही एका ओळीत दोरीवरच बसतात. आमच्या परसातली बाग आमच्या वाळत्या कपड्यांवरून पेरली जात होती.

“बुलबुल खातो म्हणजे बिनविषारी,” मी जाहीर केलं.

अण्णा वाट बघतच होते. “कोकीळ बिट्ट्या खातो,” ते म्हणाले. “पिवळ्या कण्हेरीच्या. खाऊन दाखवता?”

हे त्यांचं खरं आहे. ज्या बिट्टीने माणूस मरतो ती गिळून कोकीळ वर बसून गातो. पक्ष्यांच्या भरवशावर जेवायला बसू नये. कावळ्याने नाकारलं म्हणून आपण का नाकारायचं, हा प्रश्न मी मग आईला विचारला नाही.

तिसऱ्या गल्लीत एक वैद्य राहतात. त्यांनी झाडाला हातही न लावता, चपला न काढता सांगितलं, “काकमाची.” पुढची दहा मिनिटं त्यांनी संस्कृतात घालवली. त्रिदोषांवर चालते, त्वचेला चांगली, सुजेला चांगली, रसायन आहे. ऐकता ऐकता आम्हाला ते तण म्हणजे घरचा दवाखाना वाटू लागला. मग जाता जाता म्हणाले, “फक्त मधाबरोबर नाही. आपल्या ग्रंथांनी तो संयोग घातक सांगितलाय. आणि शिळी तर अजिबात नको.” हिने तत्काळ मधाची बाटली उचलून कपाटात, देवाच्या चांदीच्या भांड्यांमागे ठेवली. मी घोस पुढे केला.

“आत्ता नको,” वैद्य म्हणाले. “ग्रीन टी घेऊन आलोय. त्यात मध होता.”

त्या रात्री मी स्वतःच वाचायला बसलो. जे वाचलं त्याने झोप गेली. आमच्या फळाचं कूळ म्हणजे वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची यांचंच कूळ. इथपर्यंत सोयरीक चांगली. पण तंबाखू त्याच घरातला, धोतरा त्याच घरातला आणि बेलाडोनाही त्याच घरातली. एक भाऊ महाप्रसादाच्या भाजीत, एक पानटपरीवर, एकाचं नाव वाटसरूंना गुंगी देऊन लुटण्याच्या गुन्ह्यात. स्थळ बघायला गेल्यावर असं कुटुंब निघालं तर आपण चहा न पिता उठतो.

बेलाडोना म्हणजे इटालियनमध्ये सुंदर बाई. तिकडच्या बायका म्हणे डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिचा रस डोळ्यांत घालायच्या. बाहुल्या मोठ्या होतात. डोळ्यांचे डॉक्टर बाहुली मोठी करायला थेंब घालतात त्यातलं अ‍ॅट्रोपीन तिच्यातच असतं. पण बाईचे तपशील वाचत गेलो तसा जीव खाली पडला. तिचं फळ एकेकटं लागतं, घोसात नाही. ते चांगलं चेरीएवढं असतं आणि पाच पानांच्या हिरव्या बशीत बसलेलं असतं. फूल घंटेसारखं, मळकट जांभळं. तिची भारतातली बहीण राहते हिमालयाच्या थंडीत. साताऱ्यात, धुण्याच्या दगडापाशी, तिचं काही काम नाही. आमची ती पांढरी चांदणी, पिवळी चोच आणि छत्रीच्या काड्यांचा घोस म्हणजे ‘सोलॅनम’ वंशातली साधी बाई. लिनीअसने 1753 साली हिच्या एका थोरल्या बहिणीला ‘नायग्रम’ म्हणजे काळी असं नाव दिलं. घरातल्या सावळ्या मुलीला नाव ठेवायला त्यालाही दुसरं काही सुचलं नाही.

ही नावं ठेवायची भांडणं मोठ्या लोकांचीही झालेली आहेत. अमेरिकेत 1909 साली लूथर बरबँक या नामांकित माळ्याने तयार केलेल्या एका नव्या फळाचं बी ‘वंडरबेरी’ म्हणून विकलं गेलं. ही तर रस्त्याकडेची काळी नाइटशेड, असं म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. बरबँकही शेवटपर्यंत म्हणत राहिला की माझी वेगळी. तामिळनाडूत हीच मंडळी, मणत्तक्काळी नावाने, ताकात घालून वाळवतात आणि तळून आमटीत टाकतात. हे वाचताना रात्रीचा दीड वाजला होता आणि मला भूक लागली होती.

सकाळी सातला मावशी आल्या. मावशी जावळीतल्या. आमच्याकडे भांडीधुणं करतात त्याला नऊ वर्षं झाली. मी परसात झाडापाशी उकिडवा बसून घोसाला नाक लावून होतो. मावशींनी बादली खाली ठेवली.

“काय झालं, दादा?”

“मावशी, हे झाड कसलं हो?”

“कांगणी हाय की ती.” आणि त्यांनी हात घालून चार काळी फळं तोडली आणि तोंडात टाकली, गप्पा मारता मारता शेंगदाणे टाकावेत तशी. “पिकल्यालीच खावी. हिरवीला हात लावू नगा, पोट बिघडतंय. पाल्याची भाजी बरी हुती. मी नेली की दोनदा.”

“कधी?”

“गौरीच्या टायमाला. वैनींस्नी सांगितलं हुतं, बांधावरचं तण काढून न्हेती म्हणून.”

म्हणजे अण्णांची सर्पगंधा, वैद्यांची काकमाची आणि अ‍ॅपची बेलाडोना मावशींच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी लसणाच्या फोडणीवर पडून, भाकरीबरोबर संपलेली होती. आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांच्या हातात सदैव बादली असते आणि बादली धरलेल्या माणसाला आम्ही फक्त ‘साबण संपला का’ एवढंच विचारतो.

आई खिडकीतून म्हणाली, “कांगणी नव्हे, कामोणी.”

“कांगणी,” मावशी म्हणाल्या.

“आमच्याकडे कामोणी म्हणतात.”

“ती येगळी आसंल, आज्जी. ही कांगणी.”

यावर घाट आणि कोकण यांचं जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. एक आहे की दोन, हे ठरायच्या आत मी ठरवून टाकलं. घोसातली पाच निवडली, पूर्ण काळी, देठापासून बोट लावताच सुटणारी. धुतली आणि तोंडात टाकली. साल पातळ, दाताखाली टच्चकन फुटलं. आत टोमॅटोच्या बियांसारख्या बारीक बिया आणि पाणचट गोड, मागून किंचित टोमॅटो, त्याच्याही मागून तंबाखूच्या डबीची हलकीशी आठवण. एवढ्यासाठी आठवडाभर पंचायत बसली होती. करवंदाच्या पायरीलाही उभं राहणार नाही असं फळ.

“मावशींना सवय आहे,” ही दारातून म्हणाली. “तुम्हाला नाही.”

हे वाक्य तिने टाकलं आणि आत गेली. वाक्य मात्र माझ्याबरोबर राहिलं. अर्ध्या तासाने मी न्हाणीघरात जाऊन आरशात डोळे बघितले. बाहुल्या मोठ्या वाटल्या. नीट दिसावं म्हणून मोबाइलची बॅटरी लावली, तर लहान झाल्या. बंद केली, मोठ्या. लावली, लहान. पंधरा मिनिटांत माझ्या बाहुल्या एवढ्या वेळा लहान-मोठ्या झाल्या की बेलाडोनाच्या बापालाही जमलं नसतं. पोटात काहीतरी गुरगुरल्यासारखं झालं. ते रोजच होतं, पण रोज मी ऐकत नाही. अण्णा दोनदा कुंपणाशी येऊन “कसं वाटतंय?” विचारून गेले. आवाजात काळजी होती, थोडी उत्सुकताही होती. मी त्यांच्याकडे बाळूच्या नजरेने पाहिलं.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मागितला तर ही म्हणाली, कोराच घ्या, दूध आज कमी आहे. का कमी, ते बघायला मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयपाशी गेलो. दुधाचा हिशेब ती त्याच्या चौकोनांत लिहिते. कालच्या चौकोनात तिच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: दूध दीड. खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांना सांगायला लागलं तर हाताशी असावं म्हणून: कांगणी 5, स. 7.40.

आजच्या चौकोनात, कालच लिहून ठेवलेलं होतं: दूध 1.